कलम सात, कलम अकरा आणि आमची चिऊ

सोमवार, ६ जुलै

आजपासून रोजनिशी लिहायची. कारण असं की आज दुपारपासून मला बऱ्याच गोष्टी पोटात ठेवाव्या लागणार आहेत. माझ्या पोटात काही राहत नाही असं ही म्हणते. ही म्हणजे माझी बायको. तिचं म्हणणं मला मान्य नाही, पण वाफ कुठेतरी जायला हवी हे खरं.

झालं असं की कुलगुरूंनी बैठक बोलावली. वरून आदेश आलाय. प्रत्येक विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सुरक्षेचं धोरण करायचं. सप्टेंबरात तपासणी समिती येणार, आणि धोरण नुसतं कागदावर दिसलं तर आपली धडगत नाही. त्यासाठी एक गोपनीयता अधिकारी नेमायचा. "कोणाला नेमू या?" असं कुलगुरूंनी विचारलं, तर सगळ्यांनी एका सुरात माझंच नाव घेतलं. परीक्षा विभागाच्या बाई म्हणाल्या, "साहेबांनी तोंड बंद ठेवलं की निम्मं धोरण राबवून झालं." चहा द्यायला आलेल्या आमच्या शिपायाला तर इतका आनंद झाला की बशी भरून चहा सांडला. या शिपायाला सगळे रेडिओ म्हणतात, कारण कुठल्याही खोलीतली बातमी तो दुसऱ्या खोलीत चहाआधी पोचवतो. उपकुलसचिवाच्या खुर्चीत इतकी वर्षं काढली. माणसाची किंमत कळायला वेळ लागतो, पण कळते.

घरी सांगितल्यावर ही तोंडावर हात ठेवून स्वयंपाकघरात गेली. आमची एकुलती एक लेक चिऊ मात्र गंभीर झाली. ती आमच्याच विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, आता दुसऱ्या वर्षाला जाईल.

"म्हणजे बाबा, आता तुम्हाला सगळ्यांची माहिती दिसणार?"

"आधी दिसत नव्हती की काय?"

"हो, तेही खरंच," असं म्हणून ती अभ्यासाला गेली. गुणी पोर आहे.

गुरुवार, ९ जुलै

धोरण लिहायला बसलो. वरून आलेले नमुना मसुदे सगळे कोमट आहेत. "शक्यतो", "सर्वसाधारणपणे", "योग्य त्या प्रसंगी". असल्या शब्दांनी कोणाच्या केसाला धक्का लागत नाही. मी ठरवलं, मुळावरच घाव घालायचा.

आमच्याकडे जुनी रीत आहे. कर्मचाऱ्याचं मूल इथे शिकत असलं की त्याचे गुण, त्याची हजेरी, त्याचे दांड्या मारलेले तास, सगळं आईबापाला आपापल्या टेबलावर दिसतं. मुलाला निकाल कळायच्या आधी आम्ही इथे अभिनंदनं आणि सांत्वनं उरकून घेतो. चिऊ गणितात काठावर सुटली हे तिला मीच सांगितलं, आणि तेही मला लेखा विभागात कळलं. म्हणून लिहिलं, कलम सात: कोणीही कर्मचारी आपल्या नातेवाइकाची माहिती पाहणार नाही, विचारणार नाही, आणि दुसऱ्या कोणीही ती त्याला सांगणार नाही. वाचून माझाच ऊर भरून आला.

सोमवार, २० जुलै

कलम सात मंजूर! तीन ऑगस्टपासून लागू. बाक वाजवून स्वागत झालं. परीक्षा विभागाच्या बाईंचा मुलगा यंदा तीन विषयांत गटांगळ्या खातोय. त्यांनी सगळ्यांत जोरात वाजवलं.

जेवताना चिऊने धोरणाविषयी फार हुशार प्रश्न विचारले. "बाबा, समजा एखाद्या मुलीने काही बदललं, तर ते तुमच्या पडद्यावर लगेच दिसतं का?" मी तिला सर्व्हर, नोंदी, अधिकार हे सगळं तपशीलवार समजावलं. भाजी गार झाली. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तीन तारखेनंतर आईवडिलांना काहीच दिसणार नाही? मुलीला वाटलं की दिसावं, तरीही नाही?"

या पोरीच्या प्रश्नातून मला एक त्रुटी सापडली. तिथल्या तिथे कागदाच्या रुमालावर कलम अकरा लिहून काढलं: विद्यार्थ्याची इच्छा असल्यास तो पालकाला परवानगी देईल, आणि पालकाला तसा निरोप संगणकावर आपोआप जाईल. चिऊ म्हणाली, "वा, बाबा!" आणि अर्धी पोळी जास्त खाल्ली. घरात अशी चर्चा झाली की बरं वाटतं.

गुरुवार, ३० जुलै

संगणक विभागाचे प्रमुख निरोपाचा मजकूर घेऊन आले. हे गृहस्थ इतकं कमी बोलतात की त्यांनी "बरं" म्हटलं तर मी ते भाषण समजतो. मजकुरात मुलाचं नाव होतं. मी लाल शाईने खोडलं. निरोप वाटेत कोणी वाचला तर? पालकाचं नावही खोडलं. विद्यापीठाचं नावसुद्धा खोडलं, उगाच कोणाला सुगावा नको. उरलं ते असं: "एका विद्यार्थ्याने आपल्याला परवानगी दिली आहे. पाहण्यासाठी येथे दाबा."

प्रमुख म्हणाले, "साहेब, कळेल का कोणाला?"

मी म्हटलं, "ज्याला कळायचं त्याला कळतं."

"बरं," ते म्हणाले.

सोमवार, ३ ऑगस्ट

धोरण लागू झालं. घरी आल्यावर चिऊने दारातच विचारलं, "आज ऑफिसात काही बघितलंत?" मी म्हटलं, "काहीही बघितलं नाही, आणि तेच तर यश आहे." तिचा चेहरा पडला. दमली असेल.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. विषय: फसवे निरोप कसे ओळखावेत. देवाची करणी बघा, आज सकाळीच माझ्या संगणकावर एक अस्सल नमुना येऊन पडला होता. कोणाकडून ते नाही, कोणाला ते नाही, नुसतं आपलं "एका विद्यार्थ्याने आपल्याला परवानगी दिली आहे, येथे दाबा". मोठ्या पडद्यावर लावून दाखवला. म्हटलं, "बघा, भामटे किती पुढे गेलेत. आपलंच धोरण वाचून जाळं टाकलंय. असा निरोप आला की काय करायचं?" सगळे म्हणाले, "कचऱ्यात!" आणि मी सर्वांसमक्ष तो कचऱ्यात टाकला. टाळ्या.

संगणकप्रमुख मागच्या रांगेत हात वर करून बसले होते. वेळेअभावी प्रश्न घेता आले नाहीत.

बुधवार, १२ ऑगस्ट

धोरण अंगी भिनायला लागलं आहे, कधीकधी जरा जास्तच. सूचनाफलकावर आज अशी सूचना होती: "एक प्राध्यापक एका कारणामुळे काही दिवस येणार नाहीत, तरी त्यांच्या विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी." सर्व विभागांतल्या विद्यार्थ्यांनी नोंद घेतली आणि अकरा वाजेपर्यंत विद्यापीठ ओस पडलं.

पुनर्परीक्षेचा निकालही लागला. नावं नाहीत, आसन क्रमांक नाहीत. "निम्म्याहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण आहेत. ज्याने त्याने समजून घ्यावे." परीक्षा विभागाच्या बाईंच्या घरी म्हणे मुलाने समजून घेतलं की तो पास आहे. बाईंना विचारायची सोय नाही, कारण कलम सात. त्या माझ्याकडे बघून नुसत्या दात खातात.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

तो भामटा पुन्हा आला. तोच निरोप. कचऱ्यात.

चिऊ रोज संध्याकाळी विचारते, "काही बघितलंत?" माझ्या कामाची किती आस्था! मी रोज सांगतो, "छे, डोळेच मिटून घेतलेत." मग ती आईकडे बघते आणि आई छताकडे.

बुधवार, १९ ऑगस्ट

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, इथे लिहून टाकतो. आज मी खिडकीत उभा असताना चिऊ समोरच्या विज्ञान विभागातून बाहेर येताना दिसली. इंजिनिअरिंगची इमारत पार दुसऱ्या टोकाला. तिच्या बुटांना चिखल. बरोबर पाचसहा पोरं, त्यांच्याही बुटांना चिखल, आणि सगळी हसत होती. गणिताच्या तासानंतर कोणी असं हसत नाही.

पूर्वी असतं तर मी खुर्चीवर वळून दोन बटणं दाबली असती, आणि कुठल्या तासाला बसली, कुठला बुडवला, सगळं समोर आलं असतं. आता हात बांधलेले. बरं, बांधलेही मीच.

गुरुवार, २० ऑगस्ट

सहज म्हणून रेडिओला विचारलं, "काय रे, आमची चिऊ दिसते का कुठे?"

रेडिओ ताठ उभा राहिला. "कलम सात, साहेब."

"अरे, मी आपला बाप म्हणून विचारतोय."

"बाप म्हणून तर अजिबातच नाही, साहेब. तुम्हीच शिकवलंत."

इतकी वर्षं ज्याला गप्प बसवता आलं नाही, तो माझ्या धोरणाने गप्प बसला. अभिमान वाटावा की त्याचा गळा धरावा, कळेना.

मंगळवार, २५ ऑगस्ट

इंजिनिअरिंगच्या विभागप्रमुखांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "आमची मुलगी कशी काय आहे?" त्यांच्या डोळ्यांत करुणा होती म्हणा ना. म्हणाले, "साहेब, तुमची मुलगी आमच्याकडे आहे की नाही, हेसुद्धा मी तुम्हाला सांगू शकत नाही."

धोरणाचं याहून चोख पालन मी पाहिलेलं नाही. त्यांची लेखी प्रशंसा करायला हवी, अर्थात नाव न लिहिता.

घरी आलो तर बाथरूममध्ये चिऊ दगड धूत होती. दगड! दात घासायच्या ब्रशने, एकेक, आरशाला पाणी उडवत. "प्रकल्प आहे," म्हणाली. इंजिनिअरिंगवाले हल्ली काय काय करायला लावतात. ब्रश माझा होता.

शनिवार, २९ ऑगस्ट

चिऊची पिशवी उचलून बाजूला ठेवायला गेलो तर खांद्यातून कळ आली. आत हातोडी. छोटीशी, पण हातोडीच.

मला सगळा उलगडा झाला. चिखलाचे बूट, दगड, हातोडी. पोरगी कुठल्यातरी बांधकामवाल्याच्या प्रेमात पडली आहे आणि त्याच्या साइटवर जाते. जेवताना मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, "बांधकामाच्या धंद्यातली माणसं दिसायला बरी असतात, पण घराचा ताबा कधी वेळेवर देत नाहीत." चिऊ म्हणाली, "खरंय," आणि आमटी वाढून घेतली. हिला मात्र ठसका लागला तो थांबेचना. पाणी दिलं, पाठ थोपटली, तरी डोळ्यांतून पाणी.

नंतर हिला एकटीला विचारलं, "तुला काय माहीत आहे?"

ही म्हणाली, "मला काय विचारता? तुमचं तुम्ही बघा. म्हणजे खरंच बघा हो एकदा."

मी म्हटलं, "मी कलम सात मोडावं असं तू सुचवतेस?" ही कपाळावर हात मारून झोपायला गेली.

शुक्रवार, ४ सप्टेंबर

भामटा पुन्हा. तो दर शुक्रवारी येतो, एवढा नेमाने आमचा एकही प्राध्यापक येत नाही. कचऱ्यात.

ताईचा फोन होता. माझ्या या थोरल्या बहिणीला मी दर महिन्याला चिऊची खबर देतो. "काय म्हणते आमची इंजिनिअर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "झकास चाललंय, दुसऱ्या वर्षात पहिली येईल." चिऊ तिथेच बसली होती, उठून गच्चीवर निघून गेली. मला भीती वाटते आहे. कशाची ते नीट सांगता येत नाही. घरातच राहणाऱ्या मुलीबद्दल मला एवढंच माहीत आहे की ती दगड धुते आणि हल्ली खूप हसते, फक्त माझ्यासमोर नाही.

बुधवार, ९ सप्टेंबर

आज दुपारी खोलीत कोणी नव्हतं. चिऊचा क्रमांक मला पाठ आहे. पाच अंक दाबले, सहावा उरला होता. संगणकाला तरी काय कळणार, गोपनीयता अधिकारी मीच, तक्रार आली तर येणार माझ्याचकडे, आणि तिच्यावर निर्णयही मीच देणार. मग वाटलं, सगळ्यांची मुलं अंधारात आणि माझीच तेवढी उजेडात, हे बरं नव्हे. परीक्षा विभागाच्या बाईंना काय तोंड दाखवू? पडदा बंद केला.

गुरुवार, १७ सप्टेंबर

तपासणी झाली. जेवण व्हायचंय, तोवर लिहून घेतो.

सभागृह भरलेलं होतं. समितीच्या अध्यक्षा मोठ्या कडक बाई. त्यांनी आल्याआल्या शिपायाला विचारलं, "कुलगुरूंचं दालन कुठे?" रेडिओ म्हणाला, "सांगता येणार नाही." त्या खूश झाल्या. कलम सात वाचलं, मान डोलावली. मग म्हणाल्या, "बंद ठेवणं सोपं असतं हो. आता उघडून दाखवा. कलम अकराप्रमाणे पालकाला परवानगी मिळाली की काय होतं?"

मी संगणकप्रमुखांना खूण केली. ते उभे राहिले. "परवानगी मिळालेले एक पालक सभागृहात आहेत."

"कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते मला सांगता येत नाही. ते स्वतः सांगू शकतील."

मीही आजूबाजूला बघू लागलो, कोण बुवा उठत नाही म्हणून. तर सगळे माझ्याकडे बघत होते. परीक्षा विभागाच्या बाई, इंजिनिअरिंगचे प्रमुख, दारात रेडिओ. प्रमुख माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, दर शुक्रवारी येतो तो निरोप."

मी म्हटलं, "अहो, तो भामटा आहे."

"तो आपलाच आहे. नाव नको असं तुम्हीच म्हणालात. प्रशिक्षणात मी हात वर केला होता."

पुढचं जरा गडबडीत झालं. माझा संगणक मोठ्या पडद्याला जोडलेला होता. कचऱ्याची टोपली उघडली, तर आत ते सगळे निरोप एकाखाली एक निजलेले. अध्यक्षा म्हणाल्या, "दाबा की." मी दाबलं. गोल गोल चक्र फिरायला लागलं, आणि ते फिरत असताना माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की या विद्यापीठात मला परवानगी देईल असा विद्यार्थी एकच आहे.

मी पळालो. हे वय, हे पोट, तरी तीन पायऱ्या एका दमात चढून प्रोजेक्टर आणि पडदा यांच्या मधे जाऊन हात पसरून उभा राहिलो. "थांबा!" मी ओरडलो. "परवानगी मला दिली आहे. सभागृहाला नाही!"

डोळ्यांवर झगझगीत प्रकाश, मला काही दिसेना. समोरून कोणीतरी खुदकन हसलं. नंतर कळलं की चिऊची सगळी माहिती माझ्या पांढऱ्या शर्टावर, पोटावर अगदी ठसठशीत उमटली होती आणि सभागृहात ती वाचता येत नव्हती ती फक्त मला. पण माझ्या माणसांचं मला कौतुक वाटतं. परीक्षा विभागाच्या बाईंनी स्वतःचे डोळे झाकले आणि दुसऱ्या हाताने शेजारच्यांचे. रेडिओने धावत जाऊन मुख्य बटणच बंद केलं. अख्ख्या इमारतीची वीज गेली.

अंधारात अध्यक्षांचा आवाज आला, "अधिकारी असावा तर असा." आम्ही उत्तीर्ण झालो. कुलगुरूंनी मिठी मारली. माझं लक्ष नव्हतं.

वीज आली तेव्हा मी खोलीत एकटा बसलो होतो. आता मला रीतसर परवानगी होती. एक बटण दाबायचं की झालं. पण मनात एकच येत होतं की पोरगी गेला दीड महिना दर आठवड्याला माझं दार वाजवत होती आणि मी दर वेळी भामटा म्हणून हाकलून देत होतो, वर टाळ्या घेत होतो. मला फार लाज वाटली. संगणक न उघडता घरी आलो.

चिऊ गच्चीवर दगड वाळत घालत होती. मी म्हटलं, "तुझे निरोप मिळाले."

ती पांढरीफटक पडली. "मग? बघितलंत?"

"नाही. तू सांग."

"बघा ना बाबा. बघितलं की कळेलच."

"बघणार नाही. तू सांग."

ती एक दगड हातात घेऊन उभी राहिली. मग एका दमात बोलली. "मी इंजिनिअरिंग सोडलं. जुलैतच. भूगर्भशास्त्राला गेले, पहिल्या वर्षाला. मला सांगायचं धाडस होईना. तुम्ही सगळ्यांना इंजिनिअर इंजिनिअर सांगत होतात. म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं ऑफिसात बघाल, घरी येऊन ओरडाल, आणि विषय संपेल. आईपण म्हणाली, त्यांना दिसेलच. तर तुम्ही कलम सात काढलंत! म्हणून मी परवानगी दिली. तर तुम्ही उघडेचनात. रोज वाटायचं, आज ओरडतील. रोज तयारी करून बसायचे. आणि तुम्ही येऊन बांधकामवाल्यांबद्दल काहीतरी बोलायचात."

मला राग आला. खोटं कशाला लिहू? आधी पोरगी सुखरूप आहे म्हणून हायसं वाटलं, आणि लगेच मागून राग आला. "अगं एक वर्ष वाया!" मी ओरडलो. "वर्षभराची फी! ताईला मी काय सांगू? सगळ्या विद्यापीठाला माहीत, रेडिओला माहीत, आणि बापाला नाही! दगडच फोडायचे होते तर आधी सांगायचं नाहीस?"

चिऊने मटकन खाली बसकण मारली आणि रडायला लागली. मी घाबरलो. जवळ जाऊन बघतो तर रडता रडता हसत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही, बाबा. दीड महिना हेच ऐकायचं राहिलं होतं. आता बरं वाटतंय. थांबू नका."

आता कोणी असं म्हटल्यावर माणूस ओरडणार तरी कसा? पण मोकळं व्हायचा तिचा हक्क होता. मी तिच्याशेजारी बसलो आणि जमेल तसा ओरडत राहिलो. मधेच तिने एक दगड माझ्या हातात दिला. त्यात चमचमणाऱ्या रेषा होत्या. "हे काय आहे?" असं मी ओरडूनच विचारलं, आणि तिने सांगितलं, आणि मी पुन्हा ओरडून विचारलं की मग या रेषा आल्या कुठून, आणि तिने तेही सांगितलं.

ही जिन्यातून वर आली. म्हणाली, "अहो, पुरे आता, पोरीला किती बोलाल? पानं वाढली आहेत."

चिऊने डोळे पुसले आणि म्हणाली, "थांब ना आई. बाबांचं अजून व्हायचंय."